एका माणसाची हवा

बंद खोलीत पाऊल टाकलं की आत किती माणसं बसून गेली आहेत हे तिच्या नाकाला आधी कळायचं, डोळ्यांना मग.

ऑफिसात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे खिडकी. तिला दोन्ही माहीत होतं. त्यातलं खिडकी तिला जास्त आवडायचं, पण तसं तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

तिचं काम हवेचं. मोठ्या इमारतींना किती ताजी हवा लागेल, किती गारवा लागेल, भिंतींना आणि छपराला उष्णता अडवणारा थर किती जाड हवा, याचे हिशेब ती करायची. दुकानं, कचेऱ्या, दवाखाने, सिनेमागृहं. लोकांना वाटतं, एसी बसवला की झालं. एसी आतलीच हवा गार करून परत देतो. सोडलेला श्वास गार झाला म्हणून ताजा होत नाही. बाहेरची हवा आत आणावी लागते, आतली बाहेर काढावी लागते, आणि तीही दर माणशी ठरलेल्या मापाने. त्यात माणूस कमी धरला गेला की दुपारी अख्खा मजला जांभया देतो, आणि मालक म्हणतो, पोरं आळशी आहेत.

नव्या इमारतीत खुर्च्या मोजल्या की माणसं कळतात. जुन्या इमारतीला मात्र ती आधी स्वतः भेटायला जायची. खोलीची दारं लावायची, फटींवर चिकटपट्टी मारायची, मधोमध खुर्ची टाकून बसायचं. मांडीवर मीटर. आपण श्वास सोडतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो, मीटरचा आकडा चढत जातो. कसा चढतो त्यावरून खोली किती गळकी आहे ते समजतं. पथ्य एकच. बसणाऱ्याने हिशेबातून स्वतःला वजा करायचं. नवशिके हमखास विसरतात. स्वतःला धरून बेरीज करतात आणि बोल इमारतीला लावतात.

ती कधी विसरली नव्हती. स्वतःला वजा करायची सवय तिला घरातूनच होती. भावाचं घर, भाऊ, वहिनी, दोन भाचरं आणि ती. तिची खोली म्हणजे पूर्वीची अडगळ, तिला खिडकी नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या वाऱ्याची काळजी वाहणारी बाई बिनखिडकीच्या खोलीत झोपत होती, आणि यात काही हसण्यासारखं आहे हे वहिनीशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ताटं घ्यायला सांगितली की ती चार घ्यायची. वहिनी पाचवं आणून तिच्यापुढे आदळायची.

"वन्सं, तुम्ही काय नुसती हवा खाऊन राहणार?"

यावर ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चारच घ्यायची.

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा तिच्याकडे शेवटचं मोठं काम आलं. मालधक्क्यामागे एक जुनं कोल्ड स्टोरेज होतं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं. नव्या मालकाला तिथे ऑफिस करायचं होतं. ओळीने टेबलं, कानाला फोन लावून बसलेली माणसं. इमारत मजबूत होती, पण ऑफिस म्हणून तिच्याइतकी वाईट इमारत शोधून सापडली नसती. खिडकी नावाला नाही. भिंती दुहेरी, आतल्या अंगाला बुचाच्या जाड लाद्या आणि दोन भिंतींच्या मध्ये पोकळी. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेली, त्यामुळे काहीच बाहेर जात नव्हतं. ती पहिल्यांदा आत शिरली तेव्हा तिला वाटलं, या इमारतीने शेवटचा घेतलेला श्वास अजून सोडलेला नाही.

भिंतींचं काय करायचं ते ठरून गेलं होतं. बुचाचा भरवसा कोण धरणार? पोकळीत फोम ओतायचा, म्हणजे उष्णता अडवायचा प्रश्न मिटला. फोमवाला मुकादम पुढच्या आठवड्यात माणसं घेऊन येणार होता. भिंतींत भोकं पाडून फोम सोडतात. तो फुगतो, फटन् फट भरतो आणि घट्ट होतो. मुकादम अभिमानाने सांगायचा की आत उंदीर सापडला तर उंदराच्या आकाराची जागा तेवढी राहते.

तिचं काम साधं होतं. खोल्या तपासायच्या, हिशेब मांडायचा आणि फोमला हिरवा कंदील द्यायचा.

तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत तिने नेहमीसारखी खुर्ची टाकली. दार लावलं, पट्ट्या मारल्या. बाहेर उन्हं चढली होती, आत विजेचा एकच दिवा. ती बसली.

आकडा चढू लागला. चढायलाच हवा होता. पण तो भराभर चढला.

तिने हिशेब केला. खोलीचं आकारमान, गेलेला वेळ, चढलेला आकडा. उत्तर आलं, दोन माणसं. तिने स्वतःला वजा केलं.

एक उरला.

तिने मागे वळून पाहिलं. मग आपण वळून पाहिलं याचं तिला हसू आलं. पण ते हसू ओठांवरच राहिलं.

ती घाबरट नव्हती. मीटर गच्चीवर नेऊन मोकळ्या हवेत धरला, आकडा बरोबर होता. दुसरा मीटर मागवला, तोही तेच म्हणाला. शेजारच्या खोल्यांत कुणी काम करत नव्हतं. धूर येण्यासारखं आसपास काही नव्हतं. कुजणारं काही असेल म्हणून तिने कोपरे न् कोपरे पाहिले. खोली हाडासारखी कोरडी होती. मग तिने मीटर खिळ्याला टांगला, खोली बाहेरून बंद करून पट्ट्या मारल्या आणि जिन्यात बसून डबा खाल्ला. डबा धुऊन ती परत आली आणि पट्टी सोलून आत गेली.

आता खोलीत ती नव्हती. तरी आकडा चढला होता. मीटरमधल्या नोंदीप्रमाणे सावकाश, एकसारखा. झोपलेला माणूस जसा श्वास घेतो त्या मापाने.

मग मीटर हातात धरून ती भिंतीच्या कडेकडेने चालली. तीन भिंतींपाशी आकडा गप्प राहिला. चौथीपाशी, खाली जमिनीलगत जिथे गिलाव्याला तडा गेला होता तिथे, तो उसळला. तिने तड्यावर तळहात ठेवला. काही कळलं नाही. तिने हात काढला नाही. थोड्या वेळाने तळहाताला ऊब जाणवली. मग ती गेली. मग पुन्हा आली.

ती जिना कशी उतरली ते तिला आठवत नव्हतं.

ऑफिसचे धाकटे साहेब तिच्याच हाताखाली शिकलेले. तिला मान देत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू विचारलं,

"ताई, स्वतःला वजा केलंत ना?"

हाच प्रश्न ती आजवर प्रत्येक नवशिक्याला विचारत आली होती. तिच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ती म्हणाली, केलं. मीटर एकटा ठेवूनही पाहिलं. संध्याकाळपर्यंत बातमी ऑफिसभर झाली. पाणी प्यायला गेली तर दोघेजण बोलता बोलता थांबले. खिडकीला भूत दिसलं, असं त्यांतला एक म्हणत होता. दुसरा म्हणाला, निवृत्त व्हायच्या आधी सगळ्यांना काही ना काही दिसतं.

तिला भुताचं काही नव्हतं. तिला फोमचं होतं. भिंतीत कुणी नसेल तर तिची शोभा होईल, एवढंच. पण कुणी असेल तर? तिने हो म्हटलं की फोम आत जाणार. फटन् फट भरणार. माणसाच्या आकाराची जागा तेवढी राहणार. त्या रात्री आपल्या खोलीत पडल्या पडल्या तिने स्वतःचा श्वास ऐकला, आणि खोलीत तो एकच आहे ना, हेही ऐकलं.

सकाळी तिने साहेबांकडे एकच मागणं मागितलं. फोम ओतण्याआधी भिंत एका जागी फोडून आत पाहू. तीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं. साहेब हो म्हणाले.

मुकादम आला तोच कुरकुरत. त्याची माणसं खोळंबली होती. छिन्नी लावता लावता तो म्हणाला, आत कुणी राहत असेल तर भाडं थकलं असणार. त्याच्या माणसांनी हसून घेतलं. इमारतीचा म्हातारा रखवालदार मात्र हसला नाही. कोल्ड स्टोरेज चालू होतं तेव्हापासून तो तिथेच होता. ती कुठल्या भिंतीपाशी उभी आहे हे पाहून त्याने टोपी काढली आणि हातात धरली.

तिने त्याला बाजूला घेतलं. तो आधी नको नको म्हणाला, मग बोलला. त्या पोकळीत पूर्वी एक माणूस फिरायचा. बूच ओलं झालं की कुजतं, म्हणून दोन भिंतींमधून आडवं चालत हाताने चाचपून ओल शोधायची, हे त्याचं काम. सगळे त्याला बुचवाला म्हणत. दिवसभर भिंतीत. त्याच्या खोकल्यावरून तो कुठे पोचला ते समजायचं. शेवटची पाळी सुटताना दारं लावायच्या आधी माणसं मोजायची पद्धत होती. थंडीत कुणी आत राहिला तर सकाळी लाकूड होऊन मिळायचा, म्हणून प्रत्येकाने दारात उभं राहून आपला आकडा मोठ्याने सांगायचा.

"आणि बुचवाल्याचा आकडा?" तिने विचारलं.

"त्याला नव्हता, बाई. मोजणी खोल्यांतल्या माणसांची. तो भिंतीतला."

पुढे मालक बदलले आणि पोकळीची दारं विटांनी बुजवली गेली. त्यानंतर बुचवाला कुणाला दिसला नाही. काम सोडून गेला असेल, असं सगळे म्हणाले. खोकला मात्र पुढेही काही दिवस येत होता, पण यंत्रांचा आवाज फार, त्यामुळे खात्रीने कुणी सांगू शकत नव्हतं. हे सांगताना रखवालदाराच्या हातात टोपी गोल गोल फिरत होती.

विटा निघाल्या. बूच कापलं गेलं. भोकातून हवा बाहेर आली आणि तिच्या तोंडावर आली.

वर्षानुवर्षं कोंडलेली हवा कशी असते ते तिला ठाऊक होतं. जड, आंबूस, घशात बसणारी. ही तशी नव्हती. सकाळी कुणाला उठवायला त्याच्या खोलीत गेल्यावर जशी हवा लागते तशी ही होती. तिच्या नाकाने तिला सांगितलं, एक माणूस. आत्ताच उठलेला.

मुकादमाने विजेरी आत धरली. दोन्हीकडे काळं पडलेलं बूच, मध्ये एक माणूस आडवा सरकेल एवढी वाट. वाटेवर धुळीचा जाड थर. त्या थरावर कुठेही पाऊल नाही, उंदराचंसुद्धा नाही. हाड नाही, चिंधी नाही. हाताच्या अंतरावर एक खुंटी, आणि खुंटीला लोकरीचा जाड कोट. कोल्ड स्टोरेजच्या माणसांना मिळायचा तसला.

बाकी काही नाही.

तिने हात आत घातला. कुणी तिला अडवलं नाही. कोटाच्या खांद्यावर धूळ होती. कॉलरची आतली बाजू मात्र ओलसर होती. थंडीत कॉलर तोंडावर ओढून श्वास घेतला की होते तशी.

तिने मुकादमाला हात लावून पाहायला सांगितलं. त्याने लावला. मग तो हात बराच वेळ पँटला पुसत राहिला.

साहेबांनी आत डोकावून पाहिलं, घसा साफ केला. बोलले ते तिच्याकडे न बघता.

"ताई, आत कुणी नाही."

"दिसत नाही," ती म्हणाली.

"मग भरायचं ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. आयुष्यभर तिने मीटरवर विश्वास ठेवला होता. डोळ्यांना दिसतं म्हणून आकडा बदलायचा नाही, हे तिनेच या साहेबांना शिकवलं होतं. ती भोकातून हात काढून सरळ उभी राहिली.

"नाही भरायचं. आत एक धरा."

"एक काय?"

"एक माणूस. त्याच्या वाटची हवा द्यायची."

कुणी हसलं नाही. मुकादमाने आपल्या माणसांना नळ्या गुंडाळायला सांगितलं. साहेब म्हणाले, मालकाला काय सांगू? ती म्हणाली, बूच कोरडं आहे असं सांगा, आणि ते खरंच आहे.

कुणीतरी दर काही दिवसांनी हात फिरवून पाहत असावं इतकं ते कोरडं होतं. हे ती बोलली नाही.

त्या संध्याकाळी घरी तिने ताटं घेतली. वहिनी आमटी घेऊन आली आणि थबकली. ताटं सहा होती.

"वन्सं, पाहुणे कोण?"

तिने ताटांकडे पाहिलं. मग एक उचलून परत ठेवलं. पाच राहिली. वहिनीने तिच्या ताटात आधी वाढलं.

पुढचे दिवस तिने सगळा हिशेब नव्याने मांडला. फोमविना भिंती थोड्या उण्या पडत होत्या. ते उणं तिने छपरावरचा थर जाड करून भरून काढलं. लबाडी कुठे केली नाही. फुटलेल्या जागी वीतभर जाळी बसवली, आत हवा जायला. पोकळीच्या दुसऱ्या टोकाला वर एक वाट ठेवली, बाहेर यायला. मधून एका माणसाची हवा. कोट तिथेच राहिला. मुकादमाची माणसं विटा बसवायला आली तेव्हा तोच म्हणाला, असू दे, लागेल त्याला.

यंत्रणा सुरू करायच्या दिवशी ती मिस्त्रीबरोबर प्रत्येक जाळीपाशी गेली. तपासायची रीत जुनीच आहे. जाळीला पातळ कागदाची पट्टी बांधायची आणि हवा कुठे जाते ते पाहायचं. छतावरच्या जाळ्यांच्या पट्ट्या फडफडत होत्या. भिंतीतल्या जाळीची पट्टी आत ओढली गेली. तसंच व्हायला हवं होतं. मग ती सैल पडली. मग खोलीच्या बाजूला फुगली. मग पुन्हा आत गेली.

मिस्त्री म्हणाला, दाब कमीजास्त होतोय. तिने मान डोलावली आणि पंखा बंद करायला सांगितलं.

पंखा थांबला. सगळ्या पट्ट्या लोंबकळल्या.

भिंतीतल्या जाळीची मात्र नाही. ती आत गेली, बाहेर आली. आत गेली, बाहेर आली. मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरली आणि खाली जाऊन थांबतो म्हणाला. तिने ती पट्टी तशीच राहू दिली आणि रखवालदाराला तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं.

ऑफिस सुरू झालं. माणसं आली, फोन वाजू लागले. तिथली हवा चांगली आहे, असं सगळे म्हणायचे. त्या भिंतीलगत बसणाऱ्या मुलीला दुपारी कधी झोप येत नसे. पाठीशी कुणीतरी जागं बसलंय असं वाटतं, असं ती एकदा हसत म्हणाली होती.

ताई निवृत्त झाली. भावाने तिच्या खोलीला खिडकी पाडून दिली. तिनेच मागितली होती. वहिनी महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ती खिडकी दाखवत होती.

मग एका दुपारी रखवालदाराचा फोन आला. आवाज दबलेला. पट्टी हलत नाही, बाई. पंखा चालू आहे, तरी हलत नाही.

कधीपासून, असं विचारायच्या आत तिने चप्पल घातली होती.

तिसऱ्या मजल्यावर जाळीसमोर फाइलींचं लोखंडी कपाट उभं होतं. नवीन आलं होतं, जागा मिळेल तिथे ठेवलं. ठेवणाऱ्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या दृष्टीने जाळीपाशी कुणी बसत नव्हतं. तिने आणि रखवालदाराने कपाट सरकवलं. आवाज झाला, दोनचार माना वळल्या, पुन्हा फोनकडे वळल्या. पट्टी चुरगळून जाळीला चिकटली होती. तिने ती बोटाने सोडवली, सरळ केली. ती तशीच लोंबत राहिली.

रखवालदाराने टोपी काढली.

तिने एक रिकामी खुर्ची ओढली आणि जाळीसमोर बसली. मीटर आणलेला नव्हता. वजा करायला काही नव्हतं. ती नुसती बसून राहिली, दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसावं तशी. नकळत तिने श्वास रोखून धरला होता. छाती दुखू लागली तेव्हा तिने तो सोडला.

पट्टीचं टोक हललं. इतकंसं.

तिने श्वास आत घेतला. पट्टी आत गेली. तिने सोडला. पट्टी बाहेर आली. ती सावकाश श्वास घेत राहिली आणि पट्टी सावकाश आतबाहेर होत राहिली. कोण कुणाच्या मागून श्वास घेत होतं ते तिला कळेना. तिने थांबून पाहायचं ठरवलं, म्हणजे समजलं असतं.

पण तिची थांबायची छाती झाली नाही.

दिवे लागले, टेबलं रिकामी होऊ लागली. रखवालदार दारात उभा राहून जाणाऱ्यांना मोजत होता. ही त्याची जुनी सवय. शेवटी त्याने खोलीत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाला,

"अजून दोघं आहेत आत."

आणि दार उघडंच ठेवून जिना उतरून गेला.